एका ओळीची खिडकी

बाबा, तुमची पट्टी मागच्या महिन्यात अमरावतीच्या प्रशिक्षणात दाखवली. जाड कागदाचा तुकडा, मधोमध एका ओळीएवढी फट. तो पुस्तकावर ठेवला की एकच ओळ दिसते, बाकीच्या अंगावर येत नाहीत. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. तिने पट्टी वर धरली आणि म्हणाली, "ज्या मुलांना वाचताना अक्षरं जागेवर राहत नाहीत, त्यांच्यासाठी हे अगदी सोपं साधन आहे. वर्गात दहा-बारा करून ठेवा." सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी नाही घेतलं. माझ्या पर्समध्ये ती होतीच. तुम्ही मावशीच्या लग्नपत्रिकेतून कापलेली, मागच्या बाजूला अजून अर्धा गणपती असलेली, कडा मळून काळ्या पडलेली. असं कधी कुठे ऐकलं तर मला तुमचा अभिमान वाटेल, असं मी समजत होते. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत माणसाचं चांगलंच आठवतं म्हणतात. मला मात्र राग आला. परतीच्या एस.टी.त बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते, आणि शेजारच्या बाईला वाटत होतं मी जप करतेय.

स्वयंपाकघरात तुम्ही दुसरेच मास्तर होतात. शाळेत 'मले' म्हणणाऱ्या पोरीला तुम्ही दहा वेळा 'मला' लिहायला लावायचात, आणि शाळेच्या फाटकाबाहेर सायकल आली की तुमचंही 'मले' सुरू व्हायचं. घरी आल्यावर सदरा खुंटीला लावून तुम्ही माझ्यासमोर पाटावर बसायचात. आई परातीत ज्वारीचं पीठ घ्यायची, त्यातलं मूठभर तुम्ही ताटलीत पसरायचात आणि माझं बोट धरून त्यात अक्षर गिरवायचात. एकदा, दोनदा, वीसदा. "घाई नाई. बोटाले कळू दे, मंग डोळ्याले कळते." किती बरोबर होतं हे तुमचं! आज पुस्तकात छापून आलंय. पीठ वाया जाऊ नये म्हणून आई तेच परातीत परत ओतायची, त्यामुळे माझे 'भ' आणि 'म' रोज भाकरीत जायचे. तुम्ही एकदाही चिडला नाहीत. मी आठवडाभर एकच शब्द उलटा वाचत राहिले तरी तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणायचात, "येते, येते. तुह्या वाटेनं येते." पट्टी तुम्ही तेव्हाच केलीत. मी ओळी सोडून भलतीकडे जाते हे तुमच्या लक्षात आलं, आणि कोनाड्यातली पत्रिका काढून तुम्ही ब्लेडने खिडकी कापलीत. कुणी तुम्हाला शिकवलं नव्हतं. माझ्याकडे नीट पाहून तुम्ही ते शोधून काढलंत.

म्हणून तर राग येतो. तुम्हाला येत नव्हतं असं नाही.

मी सातवीत तुमच्याच वर्गात होते, आणि मास्तरची मुलगी वाचू शकत नाही हे कुणाला कळता कामा नये, हा आपल्या घरचा अलिखित कायदा होता. पट्टी शाळेत न्यायची नाही, हे तुम्ही मला बजावलं होतंत. वर्गात प्रकट वाचन व्हायचं. आधी तुम्ही आख्खा धडा वाचून दाखवायचात, मग पोरींनी बाकाच्या क्रमाने उठून एकेक परिच्छेद वाचायचा. तुम्ही रोज वेगळ्या बाकापासून सुरुवात करायचात आणि सगळ्यांना वाटायचं, सर कसे निःपक्ष, कुणाचा नंबर कधी येईल सांगता येत नाही. खरं गणित मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी माझ्याकडून जो परिच्छेद पाठ करून घ्यायचात, तोच माझ्या वाट्याला यावा म्हणून तुम्ही हजेरी घेतानाच बाकं मोजायचात. मी पुस्तक धरून उभी राहायचे, नजर पानावर, आणि घडाघडा म्हणायचे. पान कधी कधी चुकीचं असायचं. तुम्ही मागे हात बांधून ऐकायचात आणि शेवटी म्हणायचात, "असं वाचावं."

माझ्या बाकावर शेजारी एक मुलगी बसायची. तिलाही वाचता येत नव्हतं. आमच्या दोघींचं दुखणं एकच होतं, हे मला आज कळतं. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. पण तिचे वडील मास्तर नव्हते. ती उभी राहिली की पुस्तकाकडे नुसती बघत राहायची आणि तुम्ही म्हणायचात, "बसा, बंद दप्तर." सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे, बाबा, जरा जोरातच, कारण मला वाटायचं की जी हसते तिच्यावर कुणाचा संशय येणार नाही. दुसऱ्याच महिन्यापासून तिला कुणी नावाने हाक मारेनासं झालं. पाणी प्यायला रांगेत उभी राहिली तरी, "ए बंद दप्तर, सरक."

एके दिवशी हजेरी झाल्यावर एक मुलगी उशिरा आली आणि पुढच्या बाकावर बसली. तुमचं गणित एकाने चुकलं. माझ्या आधीच्या मुलीने माझा परिच्छेद वाचला आणि मी उभी राहिले. मला दुसरं काही येतच नव्हतं. मी पुन्हा तोच म्हणायला लागले. दोन वाक्यं झाली तशा पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी थांबले, आणि पानावर नुसत्या मुंग्या. तेव्हा शेजारून अगदी हळू आवाज आला. ती पुढचा परिच्छेद सांगत होती. बरोबर, एकही शब्द न चुकता, तुम्ही मघाशी वाचून दाखवलात तसा, तुमच्या थांबण्यांसकट. तिने तो एकदाच ऐकला होता. ती एक वाक्य सांगायची, मी ते म्हणायचे. तुम्ही आमच्या बाकाजवळच उभे होतात. तुम्ही शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलंत. मग मला म्हणालात, "बस." आणि तिला म्हणालात, "उभी राहा. कुजबुज कसली चालली होती?" ती गप्प राहिली. तुम्ही पुन्हा विचारलंत. एवढंच म्हणाली असती ना, की हिला सांगत होते, तर सुटली असती. तिने ते सांगितलं नाही. तुम्ही तिच्या तळहातावर चार पट्ट्या मारल्यात, लाकडी पट्टीच्या, आणि तिला शेवटच्या बाकावर पाठवलंत. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मी पुस्तकात डोकं घातलं.

संध्याकाळी जेवताना तुम्ही आईला सांगितलंत, "त्या पोट्टीचे कान भल्ले तिखट आहेत. एकदा आयकलं का झालं." कौतुकाने सांगितलंत. आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मंग तिची परीक्षा तोंडी घ्या ना. लेखी काहून पायजे?" आई चौथी शिकलेली. तुम्ही वांग्याच्या भाजीत भाकरी बुडवलीत आणि म्हणालात, "एकेकीसाठी शाळा चालत नसते." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ताटलीतलं पीठ तिथेच होतं, माझ्या गुडघ्यापाशी. एकेकीसाठी शाळा चालत होती, रोज संध्याकाळी चालत होती, फक्त त्या शाळेची पटसंख्या एक होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तुम्ही आम्हाला वाक्यात उपयोग करून शिकवली होती. मला वाटतं तुमच्याइतका चांगला उपयोग कुणीच केला नसेल.

ती सातवीत नापास झाली. उन्हाळ्यानंतर आलीच नाही. तुम्हाला पुढे आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली. त्याचा फोटो माझ्याकडे अकोल्यात बैठकीच्या खोलीत आहे. येणारे-जाणारे विचारतात आणि मी सांगते, माझे वडील.

मी शिक्षिका झाले ती तुमच्या कॅसेटींवर. डी.एड.ची आख्खी पुस्तकं तुम्ही टेपरेकॉर्डरवर वाचून ठेवलीत आणि मी ऐकून ऐकून पास झाले, म्हणजे तिच्याच पद्धतीने झाले. आज पंचवीस वर्षं मी पाचवी-सहावीला शिकवते आणि दर वर्षी पुस्तकं पाठ असतात म्हणून वर्गात उभी राहते. पाठ्यपुस्तक बदललं की पहिल्यापासून पाठ करायला बसते. परिपत्रक आलं की मी चष्मा विसरल्याचं सांगते आणि शेजारच्या मॅडम ते मोठ्याने वाचतात. हे पत्रसुद्धा मी लिहीत नाहीये, बोलतेय. फोन लिहून घेतो. आता ही सोय सगळ्यांच्या हातात आहे. तुम्ही असता तर म्हणाला असतात, ही फसवणूक आहे. फसवणुकीबद्दल आपण दोघांनी न बोललेलं बरं.

यंदा पाचवीत माझ्या वर्गात एक मुलगी आली. दुसऱ्याच दिवशी मी ओळखलं. फळ्यावरून उतरवताना तिची ओळ खाली घसरत जाते, आणि गोष्ट सांगितली की तीन दिवसांनी शब्दाला शब्द परत देते. पाचवीला आता पुन्हा नापास करतात. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, दवाखान्यातल्या तपासणीचा कागद आणा, मग तिला प्रश्नपत्रिका वाचून दाखवता येईल, तोंडी उत्तरं घेता येतील. कागद नाही तर सवलत नाही. तपासणीच्या अर्जावर पालकाची सही लागते. मुलीचे आईवडील पुण्याला कामाला, ती आजीजवळ राहते. आजी जठारपेठेत शिकायला आलेल्या मुलांना डबे पुरवते. मी आजीला बोलावलं, ती आली, खुर्चीवर बसली, पदर सारखा केला, आणि बाबा, ती तीच होती, माझ्या बाकावरची.

तिने मला ओळखलं नाही असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मी तशी आशा धरली. मी अगदी परक्या बाईशी बोलावं तसं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "मी सही नाई करत, मॅडम. मले शाळेत एका मास्तरनं नाव ठेवलं होतं. बंद दप्तर. सासरी गेली तं तिथंही माह्या आधी ते नाव पोचलं होतं. साठ डब्याचा हिशोब मी तोंडी ठेवतो, कोणाले तिखट, कोणाले बिनकांद्याचं, आजवर एक डबा चुकला नाई. पण नवऱ्याले राग आला का बंद दप्तरच म्हणे. आता माह्या नातीले तुमी सरकारी शिक्क्याचं नाव देता का? मास्तरचं नाव पुसलं नाई, सरकारचं कधी पुसनार?" त्या मास्तरांचं नाव तिने काढलं नाही. मी म्हणाले, "तसं नसतं हो, आता काळ बदललाय." किती गुळगुळीत वाक्य. ती उठून गेली.

आणि मग मी काय केलं? प्रशिक्षणात शिकलेलं करायचं सोडून मी तुमच्यासारखी वागले. पालकसभेत प्रत्येक मुलाने थोडं वाचून दाखवायचं असं ठरलं होतं. चारचौघांत त्या मुलीची फजिती होऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या शिकवण्याची होऊ नये हेही त्यात होतंच. आठवडाभर मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून मी एक परिच्छेद तिच्याकडून पाठ करून घेतला. सभेच्या दिवशी हजेरी घेताना बाकं मोजली. माझा हिशोब तुमच्यापेक्षा पक्का निघाला, उशिरा आलेल्यांना मी मागे बसवलं. तिचा नंबर आला, ती उभी राहिली आणि तिने घडाघडा वाचलं. टाळ्या पडल्या. मोठ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हिला कशाला हवा कागद?" मी मुलीकडे पाहिलं. तिची नजर पानावर होती आणि पान भलतंच होतं.

सगळे गेल्यावर आजी थांबली. दाराशीच उभी राहून बोलली, आवाज न चढवता. "तशीच वाचली माही नात, जशी तू वाचत होती." मी हजेरीपट मिटला. "मी तुले पयल्याच दिवशी ओळखलं वं. म्हणलं, हे बोलते का पाहू. तू बोलली नाई, मंग मीही नाई बोलली. तवाही मी कोणाले सांगतलं नाई, आताही सांगनार नाई. पण माह्या लेकराले हे नोको शिकवू. तिले वाचता येत नाई तं नाई येत. लपवाचं काहून शिकवतं?"

मी म्हणाले, "मले... मला काय करायचं ते सुचलं नाही."

"मले काई सरकारी कागदाचं भेव नाई," ती म्हणाली. "भेव हसनाऱ्याइचं आहे. तू त्या पोट्ट्याइसमोर उभी राय आन वाच. पाठ केलेलं नाई, कोणतंही पान. जसं येते तसं. बाई मानूस, मॅडम असून असं वाचते, हे त्याइनं पायलं का मंग मी सही करीन. सोमवारी येतो मी."

बाबा, त्या रविवारी मी जेवले नाही. पंचवीस वर्षांची नोकरी, शेजारच्या मॅडम, मोठ्या बाई, सगळं डोळ्यासमोर येत होतं. पण त्याहून जास्त ती चार पट्ट्यांची सकाळ येत होती. सोमवारी मी वर्गात गेले आणि मुलांना सांगितलं, मी शिकवत नाही अशा पुस्तकाचं कुठलंही पान उघडून द्या. एकाने विज्ञानाचं दिलं, मुद्दाम लांब शब्दांचं. मी पर्समधून पट्टी काढली, सर्वांना दाखवली, पानावर ठेवली आणि वाचायला लागले. 'प्रकाशसंश्लेषण' या शब्दाशी मी तीनदा अडले. मागच्या बाकावर हसू आलं, मग ते थांबलं. एक परिच्छेद संपायला किती वेळ लागला कोण जाणे, माझी पाठ घामाने भिजली होती. ती नात मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती पट्टीकडे बघत होती. शेवटी मी म्हणाले, "मला असंच वाचता येतं. लहानपणापासून. यापेक्षा भरभर येत नाही." तिने लगेच हात वर केला. "मॅडम, हे कोणी देलं तुम्हाले? मले देतील का ते?"

दाराशी तिची आजी उभी होती. कधी आली ते मी पाहिलं नव्हतं.

आणि मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी. ते शिक्षक होते. त्यांच्या वर्गात ज्या ज्या मुलीला लागेल, तिला ते अशी पट्टी करून द्यायचे."

ऐकलंत ना? घाम गाळून पन्नास वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले, आणि त्याच दमात हे. मी दाराकडे पाहिलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आत आली, टेबलावरची पट्टी उचलली, उलटी केली, त्या अर्ध्या गणपतीवरून अंगठा फिरवला. "चांगली केली आहे," म्हणाली आणि ठेवून दिली. मग अर्ज मागितला. कुठे सही करायची ते मी बोटाने दाखवलं, आणि तिने तिचं नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, शाळेत लिहायची तसंच. तिसऱ्यांदा गप्प राहिली ती, बाबा. एकदा माझ्यासाठी मार खाऊन, एकदा आयुष्यभर, आणि आता तुमच्यासाठी.

मुलीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. वर्गात आता बारा पट्ट्या झाल्यात, मुलांनीच कापल्या, कुणाच्या तरी घरून पत्रिकांचा गठ्ठा आला. मुलं त्यांना 'मॅडमच्या बाबांची पट्टी' म्हणतात. तुमचं नाव असं चाललंय माझ्या वर्गात, आदर्श शिक्षकाचं. हे पत्र मी तुमच्या फोटोच्या मागे ठेवणार होते, तेही आता नको वाटतं. फोनमध्येच राहू दे. वर्गात उभं राहून ते वाक्य दुरुस्त करायचं मी ठरवलंय. सोमवारीच ठरवलं होतं. आज शनिवार आहे.